घराचं हाड

आमच्याकडे वैशाखात आभाळाआधी फोन गरजतो. परवा दुपारी मी ओसरीवर, म्हणजे आमच्या सपरीत, बसून काडीवर रसाबरोबर खायचे सरगुंडे गुंडाळत होते, हात कणकेनं भरलेले, आणि आत कुठंतरी फोन टुणटुण वाजला. माझी नात मैत्री धावत बाहेर आली. सुट्टीत आली की ती माझ्या डोळ्यांची आणि कानांची सोय असते.

"आजी, मेसेज आला. तीन दिवस वादळी वारा आणि विजा. पिवळा इशारा."

"पिवळा म्हंजे काय वं? वाऱ्याले हळद लागली का?"

"पिवळा म्हणजे तयारीत राहायचं."

"मंग त्यात नवीन काय सांगतलं? वैशाखात माणूस तयारीतच असते."

ती हसली, पण मी उगाच बोलले नव्हते. आमच्या झरी जामणीच्या या कोपऱ्यात, पैनगंगेच्या अंगानं, उन्हाळा कधी गपगुमान जात नाही. जाता जाता दारं आपटून जातो. त्याला आम्ही वावधन म्हणतो. पाऊस असा नसतोच त्यात, असला तर चार टपोरे थेंब. नुसता वारा, धूळ, आणि आभाळाचा तांब्यासारखा रंग. पाऊस घर भिजवतो, वावधन घर उचलतं. म्हणून वैशाख लागला की अंग आपोआप कामाला लागतं. गवऱ्या आत घ्यायच्या, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग आडोशाला रचायचा, गुरांच्या कुटारावर ताडपत्री ओढून चारी बाजूंनी बांधायची. निंबाची जी फांदी घराकडे झुकली ती तोडायची, आणि तोडताना निंबाला "राग नोको येऊ देऊ" असं म्हणायचं. कंदिलाची काच राखेनं घासायची. आता घरात चार्जिंगची बॅटरी आहे, तरी मी काच घासते. घासली नाही तर वैशाख आल्यासारखं वाटत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, पूर्वी, कवेलू फेरायचे.

कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. वर्षभर वानरं छपरावरून धावतात, मांजरं भांडतात, पानं अडकतात, कवेलू सरकतात, फुटतात. वैशाखात सगळे उतरवून, झाडून, फुटके काढून, पुन्हा एकावर एक ओळीनं बसवायचे. आमच्या सासूबाईंचा दंडक होता की बुद्धपौर्णिमेच्या आत घर फेरून झालं पाहिजे. पौर्णिमेला दारावर पंचरंगी झेंडा लागायचा, खीर शिजायची, ती फेरलेल्या छपराखालीच. त्या दिवसांत घरभर एक वास असायचा. जुन्या मातीचा, वाळक्या पानांचा, आणि छपरातून वर्षातून एकदाच आत येणाऱ्या उन्हाचा. भर दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून वर पाहावं तर बांबूच्या कमच्यांमधून निळं आभाळ! लहानपणी सुजाता, म्हणजे माझी मुलगी, मैत्रीची आई, त्या दिवशी ताट घेऊन मधोमध बसायची आणि म्हणायची, आज मी आभाळाखाली जेवून राह्यली.

हे काम लेतूभाऊ करायचे. आमच्या गावापासून तासभर चालत गेलं की जंगलात कोलामांचं एक पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती, तिथले ते. अंगानं वाळक्या शेंगेसारखे. छपरावर अनवाणी चालायचे, पण एक कवेलू करकरला नाही कधी. मी खालून विचारलं होतं एकदा, "भाऊ, पाय ठेवता कुठी तुमी?" तर म्हणाले, "जिथी घराचं हाड हाय तिथी."

त्यांची एक रीत होती. काम संपलं की ते खाली उतरायचे नाहीत. वरूनच पाणी मागायचे. लोटाभर पाणी छपराच्या पाठीवर ओतायचे आणि घरच्या बाईनं आत सूप पालथं धरून उभं राहायचं. सुपावर थेंब वाजला तर तेवढी ओळ पुन्हा. नाही वाजला तर ती बाई आतून ओरडणार, "कोरडं!" मगच ते खाली येणार, हातपाय धुणार आणि जेवायला बसणार. घर पास झाल्याशिवाय लेतूभाऊंनी आमच्या घरचा घास तोंडात घातला नाही. एकदा तीन वेळा थेंब वाजला आणि त्यांचं जेवण पार दिवेलागणीला झालं. मी म्हटलं, अजी जेवून घ्या आधी, मग पाहा. तर म्हणे, "पोट भरलं का डोळे झाकते, वयनी."

आता त्या वर्षाचं सांगते. खरं तर दरवर्षी याच दिवसांत ते माझ्या मनात येतं. सांगितल्याशिवाय जात नाही.

त्या वर्षी वावधनं चुलत-मावस पाहुण्यांसारखी आली. एक उठून गेलं की दुसरं दारात. आणि त्याच वर्षी सुजाता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी झाली. लाल, चिमुकली, मुठी आवळून जगाशी भांडायला आल्यासारखी.

त्याच वर्षी आम्ही मागं नवी खोली काढली होती. टिनाची! गावात तेव्हा टिन म्हणजे काय अब्रू होती म्हणून सांगू. ऊन पडलं की आमचं टिन फाट्यावरून चमकायचं. बांधकाम कसं, तर दोन भिंतींवर लोखंडी पाइप आडवे ठेवले, पाइपांना आकड्यांनी टिनं अडकवली, पाइपांच्या टोकांवर दोन-दोन विटा ठेवल्या आणि टिनांवर दगड. सगळं गाव असंच करायचं. ते दगड मी स्वतः नाल्यातून डोक्यावर आणले होते. कोणता दगड कुठं ठेवला हेही मला पाठ होतं. खोलीत पंखा होता, फरशी होती, म्हणून बाळंतीण त्याच खोलीत. आणि पाळणा? माझं लाल काठाचं हिरवं लुगडं दुहेरी करून त्याची झोळी केली आणि पाइपाला बांधली.

यात मला काही वावगं वाटलंच नाही. पाळणा छपराला बांधतात, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललं. पुढच्या कवेलूच्या घरात सागाचं आडं आहे, छपराच्या पाठीचा कणाच म्हणा. त्याची दोन्ही टोकं भिंतीत हातभर गाडलेली. त्या आड्याला सुजाताचा पाळणा होता, तिच्या बापाचाही त्यालाच होता. घर बदललं, छप्पर बदललं, आम्ही पाळणा मात्र त्याच सवयीनं वर बांधला. आणि गाठ मी मारली. माझी गाठ गावात नावाजलेली. पेंढी असो, गासोडी असो, गोऱ्ह्याचं दावं असो, मी बांधलं की सुटत नाही. आमचे हे म्हणायचे, "सुजीच्या मायनं गाठ मारली का विळाच आणा लागते."

लेतूभाऊ ठरल्याप्रमाणे आले. सकाळी पुढचं घर फेरायला घेतलं, दुपारपर्यंत झालं. लोटा ओतला, मी आत सूप धरलं, "कोरडं!" म्हणून ओरडले. ते उतरले. त्या दिवशी रस होता, सरगुंडे होते, मी पाट मांडला. आणि हे माणूस हात धुऊन मागच्या खोलीकडे बघत उभं!

"वयनी, याले धरून काय ठेवलं?"

"कायले?"

"या टिनाले."

"दगडं हायेत ना वर. पायलीभर वजनाचा एकेक."

त्यांनी आत डोकावलं. सुजाता बाळाला झोका देत होती. ते पाळण्याकडे बघत राहिले, मग पाइपाच्या टोकाकडे, मग पुन्हा पाळण्याकडे.

"पोरगी इथी नोका बांधू."

आमचे हे सपरीत पाय पसरून बसले होते. ते लागले हसायला. "लेतू, तुले टिन पटनारच नाही लेका! गावभर टिन झालं तं तुले कोन बलावते कवेलू फेराले?"

मला वाटलं, आता भाऊंना राग येणार. पण ते ह्यांच्याकडे पाहून नुसतं मान हलवत म्हणाले, "खरं हाय दादा. मले टिनातलं काही समजत नाही. पान्याची परीक्षा मले येते, हवेची येत नाही. कवेलू हवेले वाट देते. हे अडवते. अडवनाऱ्याले धरून ठेवनारं काही दिसलं नाही मले." मग माझ्याकडे वळले. "वयनी, पाळणा घराच्या हाडाले बांधा. कातडीले नोका बांधू. बांधा, मंग जेवतो."

"आधी जेवा. बांधते ना मी सवडीनं."

"बांधा. मंग जेवतो."

आणि चक्क खाली अंगणात उकिडवे बसले.

आता तुम्हाला खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं. मला राग आला होता. रस आंबायला लागेल, सरगुंडे गोळा होतील, आणि उपाशी पाहुणा अंगणात. त्यात ह्यांचं ते बोलणं मला लागलं होतं. घरी आलेल्या माणसाच्या पोटावर असं बोलतात का? भाऊंचं मन राखायचं म्हणून मी तरातरा आत गेले. गाठ सोडायला लागले तर सुटेना, माझीच गाठ! शेवटी विळा घेतला आणि गाठीच्या खालून लुगडं कापलं. वरची गाठ पाइपालाच राहिली. उरलेल्या लुगड्याची झोळी पुढच्या घरात आड्याला बांधली, पोरीला आत टाकलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "झालं समाधान? उठा आता."

ते उठले, आत येऊन आड्याला एक हात लावून पाहिला आणि जेवायला बसले. दोनदा रस घेतला. ते गेले तेव्हा सुजाताचा चेहरा फुगलेला होता.

"आई, इथी पंखा नाही, पाली पडतात वरतून, धुपट होते चुलीचं. लेतूमामा जेवले ना आता? चाल, पोरीले मांगं नेऊ."

"दोन दिवस राहू दे. मानसाचा मान."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा म्हणाली. पोरीच्या अंगावर घामोळ्या उठल्या होत्या. मी म्हटलं, "उद्या बांधू, आज माह्यानं लुगडं शिवनं होत नाही." कारण कापल्यामुळे ते तोकडं पडत होतं, जोड द्यावा लागणार होता. आळस केला, एवढंच. त्या आळसाचे मी आजपर्यंत किती आभार मानले असतील!

त्याच दुपारी वावधन आलं. आधी लाइन गेली, ती नेहमीच आधी जाते. मग कावळे गप्प झाले. मग अंगणातला उजेड पिवळा, मग तांबडा झाला, आणि नाल्याकडून असा आवाज आला की जणू कोणी हजार सुपं एकदम पाखडतंय. मी दार लावायला धावले तर दारानंच मला मागं ढकललं. मी, सुजाता आणि हे, तिघंही पुढच्या घरात आड्याखाली उभे. सुजातानं पोरीला झोळीतून काढून छातीशी धरलं होतं. वर कवेलू दात वाजवावेत तसे वाजत होते. चार-दोन सरकले, दोन-तीन फुटले, वरून माती पडली. रिकामी झोळी आपोआप झुलत होती. आडं मात्र जागचं हललं नाही.

आणि मागून एकच आवाज आला. तो आवाज मला लिहिता येणार नाही. मोठ्ठं कापड एका झटक्यात फाडावं, आणि ते कापड लोखंडाचं असावं, तसा.

वारा पडल्यावर आम्ही मागं गेलो. खोलीला छप्पर नव्हतं. फरशीवर ऊन पडलं होतं, छान स्वच्छ ऊन, जसं कवेलू फेरताना पडतं. ज्या खाटेवर सुजाता निजायची तिच्यावर माझे दोन दगड पडले होते. मी ओळखले. एक कोपऱ्यातला होता, एक मधला.

टिनं पाइपांसकट गेली होती. दोन आमच्याच वावरात सापडली. उरलेली नाल्याकाठच्या चिंचेत जाऊन अडकली होती. गावातले लोक जमले, दोराने ओढून खाली काढायला लागले. मीही गेले. पाइप चिंचेच्या दोन फांद्यांत आडवा अडकला होता, दोन पुरुष उंचीवर, वाकून पार धनुष्य झालेला. आणि त्याच्या मधोमध हिरवं काहीतरी फडफडत होतं.

लाल काठाचं.

माझी गाठ होती ती. पाइप उडाला, वाकला, झाडात जाऊन आदळला, दगडविटा गेल्या, सगळं सुटलं, आणि गाठ सुटली नव्हती. ती सुटणारच नव्हती.

मी तिथंच धुळीत खाली बसले. हे माझ्याशेजारी उभे होते. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी हातात धरला, माणूस गेल्यावर धरतात तसा, आणि चिंचेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सुजीचे माय, लेतूले मी काय बोललो वं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पोडावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं ते आमच्याकडे आले, आमचं घर त्यांना हाडांपासून माहीत होतं, आणि आम्हाला त्यांचं दार माहीत नव्हतं. वाटेत विचारत विचारत गेलो. ते घरापुढे टोपली विणत बसले होते. मी गाठ दाखवली. पाइपाच्या टोकाकडून सरकवून काढलेली, तशीच घट्ट. हे पुढे होऊन हात जोडायला लागले तर लेतूभाऊंनी ते हात धरून खाली केले. गाठ उलटीपालटी करून पाहिली.

"पोरगी कुठी हाय?"

"आड्याले."

"मंग झालं." आणि हसले. "दादा, खरं सांगू? मले भूक लागलती. बाई लवकर बांधीन तं लवकर जेवाले भेटीन, म्हनून बसलो."

माणूस उपकाराचं ओझं दुसऱ्यावर ठेवत नाही तेव्हा काय करतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ह्यांनी पुढं ती खोली पुन्हा छावली. या वेळी पाइपांची टोकं भिंतीत गाडली, सळया वाकवून सिमेंटात धरल्या. गावातल्या बऱ्याच जणांनी चिंच पाहिली होती, त्यांनीही तसंच केलं. दगड मी उचलून नाल्यात नेऊन टाकले. टिन वाईट, कवेलू चांगले असं मी म्हणत नाही हं. टिनानं आम्हाला पावसाळे कोरडे दिले. पुढे कवेलू मिळेनासे झाले, घडवणारे राहिले नाहीत, वानरं ऐकेनात. पुढच्या घरावरही टिनच आलं. पण आडं आम्ही काढू दिलं नाही. मिस्त्री म्हणत होता, आता याचं काही काम नाही काकू. मी म्हटलं, तुला नसेल.

आमच्या घरात छपराच्या पाइपाला काहीही बांधलेलं नाही. दोरी नाही, कंदील नाही, मिरच्यांची माळ नाही. सुना-लेकींना आश्चर्य वाटतं. वाटू द्यावं.

तर परवाचा तो पिवळा इशारा. मैत्रीनं मला वाचून दाखवला आणि स्वतःच म्हणाली, "आजी, मग लेतूआजोबांना बोलावायचं ना?" मीच तिला लहानपणापासून सांगितलंय सगळं. मी काही बाराखडीच्या पुढं शाळेत शिकले नाही, सुजाताच्या पुस्तकांवर बोट ठेवून वाचायला लागले. पण ही एक गोष्ट मी या पोरीला, त्या झोळीतल्या पोरीलाच, पुस्तकासारखी पाठ करून दिली.

लेतूभाऊ आता चढत नाहीत. गुडघे गेले. तरी दर वैशाखात एक दिवस ते येतात, कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून. कवेलू नाहीत तरी फेरायचा दिवस आहे. येताना पळसाच्या पानात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन येतात आणि अंगणात खाट टाकून घराकडे बघत बसतात, डॉक्टर बघतो तसं. काल आले. आमचे हे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ह्यांना आता कमी ऐकू येतं, त्यांना कमी दिसतं, दोघांचं छान चालतं.

"दादा, टिन पटलं बरं मले आता," लेतूभाऊ मोठ्यानं म्हणाले.

"तीन? एक तं वाजून राह्यला, तीन कायले वाजतीन?" हे म्हणाले.

मैत्री शिडी लावून वर चढली. एकेक आकडा आवळला, भिंतीतली सळई पाहिली, पन्हाळीतली पानं काढली. नववीत गेली आता, हातपाय लांब झालेत. मी पाट मांडला, रस काढला, सरगुंडे शिजवले. "या, बसा जेवाले," मी म्हटलं.

लेतूभाऊ हलले नाहीत.

"पान्याची परीक्षा राहू दे," ते मैत्रीला म्हणाले. "हवेची दाखव."

मला कळलं नाही. पण तिला कळलं. त्या दोघांचं काहीतरी आधीच ठरलेलं होतं. ती शिडीवरून उतरून मागच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली, दोन्ही हातांनी पाइप धरला आणि पाय उचलले. सगळी पोरगी पाइपाला लोंबली. त्याच जागी, जिथं माझी गाठ होती. ती झुलली, मागं-पुढं, वेणी उडवत, हसत. अंगाला झोका देऊन देऊन तिनं पाइप ओढला.

पाइप करकरला नाही. भिंतीतून मातीचा कण पडला नाही.

लेतूभाऊ कान देऊन ऐकत होते. मग खाटेवरून हात टेकत उठले, दारात आले, डोळे बारीक करून त्या झुलणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि मला म्हणाले,

"वाढा आता, वयनी."